दाजींची लोळणगाडी

आमचे दाजी दत्तोबा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, धंद्याने न्हावी आणि पायाने निव्वळ भटके. राहायला चिंचवडला, पण दिवसा घरी सापडले तर शपथ. एक दिवस वाकड, एक दिवस कुरुळी, रविवारी तळवडे, अशी गावं त्यांनी वारांना वाटून दिलेली. सायकलच्या दांडीला धोकटी अडकवायची. त्या चामड्याच्या पिशवीत वस्तरा, कातर, पाण्याची वाटी, साबणाची वडी आणि पितळी चौकटीचा आरसा. डोक्याला मुंडासं गुंडाळलं की स्वारी निघाली. मी पडलो मेहुणा. दाजींची थट्टा करणं हा आमच्याकडे मेहुण्याचा मानच असतो, आणि तो मान मी कधी सोडला नाही. पण आधीच सांगून ठेवतो, या माणसावर माझा फार जीव होता.

तळवडं त्यांचं मूळ गाव. आजा-पणजा तिथलेच. वडील स्टेशनच्या सोयीने चिंचवडला येऊन राहिले, पण तळवड्याची डोकी काही त्यांनी सोडली नाहीत. सुगीला खळ्यावरून बलुत्याचं धान्य यायचं आणि वर्षभर गावाच्या दाढ्या दाजींच्या हाती असायच्या. गावाच्या तोंडाशीच मारुतीचं देऊळ, देवळाला लागून कडुलिंबाचा दगडी पार, गुडघाभर उंचीचा. त्या पारावर आबाजी पाटील पाय खाली सोडून बसायचे आणि दाजी समोर उभे राहून, कमरेत वाकून त्यांची दाढी करायचे. बाकीची माणसं खाली पोत्यावर बसत, तेव्हा दाजी उकिडवे. न्हाव्याने पारावर बसू नये असं कुणी त्यांना बजावलं नव्हतं. बसावं असं त्यांच्याही कधी मनात आलं नव्हतं.

ही गोष्ट पंचावन्न सालची. पिंपरीत औषधांचा कारखाना नुकताच उभा राहिला होता आणि मी तिथे स्टोअरमध्ये चिकटलो होतो. सकाळी भोंगा झाला की चिंचवडच्या रस्त्याने सायकलींची रांग लागायची. ज्याच्या बापाने बैलगाडीखेरीज काही पाहिलं नाही तोही नवी सायकल पुसत बसलेला दिसायचा. सगळा मुलूख सायकलवर चढत होता आणि नेमके त्याच साली आमचे दाजी सायकलवरून उतरले.

कंबर गेली. दुसरं काय व्हायचं होतं? दिवसभर वाकायचं नाहीतर उकिडवं बसायचं, आणि मग गाडीवाटेच्या खड्ड्यांतून सायकल हाणायची. संध्याकाळी घरी आले की उंबऱ्यातच चौकटीला धरून उभे राहायचे. सायकलवरून उतरताना दात आवळायचे, तो आवाज आत स्वयंपाकघरात ऐकू जातो असं माझी बहीण कुसुमताई म्हणायची. ती रोज चुलीत वीट तापवून ठेवायची आणि फडक्यात गुंडाळून त्यांच्या कमरेला शेक द्यायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सायकल सोडा, नाहीतर अंथरूण धराल. दाजी चालत फेरी करू लागले. पण चालून चालून माणूस किती चालणार? आधी कुरुळी सुटली, मग वाकड आज जाऊ उद्या जाऊ असं व्हायला लागलं. राहता राहिलं तळवडं.

ताईने तोड काढून ठेवली होती. कारखान्याच्या गेटसमोर टपऱ्या पडत होत्या. तिथे दाजींनी खुर्ची टाकून बसावं, गिऱ्हाईक आपल्या पायांनी येईल. मी एका टपरीवाल्याशी बोलूनही ठेवलं. दाजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते वस्तरा चामड्यावर घासत बसले होते.

"तिथं डोकी येतील, ज्योतीराम," ते म्हणाले. "माणसं येणार न्हाईत."

"म्हणजे काय दाजी? डोकी काय धडाशिवाय येतात?"

"आरं, तळवड्यात कुणाच्या गालावर कुठं चामखीळ हाय, ते अंधारात सांगीन मी. आबांच्या हनवटीला लहानपणीचा वण हाय, तिथं वस्तरा आडवा धरावा लागतो. गेटावर कुणाचा वण कुणाला ठावं?"

यावर ताई चिडली. "त्यांचे वण सांभाळा आणि इथं तुमची कंबर मी सांभाळते," म्हणाली आणि आत जाऊन भांडी आपटू लागली. ती चिडली की मी मध्ये बोलत नाही. दाजींनी वस्तरा घासणं चालू ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, सायकल विकून टाकू. दारात हाय तवर नजर जाती तिकडं."

पिंपरीच्या छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहत होती. त्यांतल्या हासानंद नावाच्या गृहस्थाने एका बराकीच्या ओट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं. माणूस मोठा हुन्नरी आणि तितकाच बोलका. सायकल ढकलत आम्ही पोचलो तोवर दाजींचा चेहरा पांढरा पडला होता. तिथे एक जुनी आरामखुर्ची होती, कापड मधोमध झोळी झालेलं. हासानंदने हाताने खूण केली आणि दाजी तिच्यात जवळजवळ कोसळलेच. मी इकडे सौद्याला लागलो. हासानंद आमच्या सायकलचे एकेक दोष काढत होता आणि मी तिचे गुण गात होतो, जसं काही मुलीचं लग्न ठरवतोय.

खुर्चीसमोर कुणाची तरी सायकल दुरुस्तीसाठी उलटी करून ठेवलेली होती, चाकं वर. बसल्या बसल्या दाजींनी पाय लांब केले, ते नेमके तिच्या पायडलांना लागले. आता सायकलवाल्याच्या पायाला पायडल लागलं की पाय गप्प बसतो का? दाजी पायडल फिरवू लागले. चाक सूं करून फिरायला लागलं. आम्ही सौदा विसरून बघत राहिलो. दाजी डोळे मिटून, मान मागे टाकून, झोळीत पडून सायकल चालवत होते.

"कमर नहीं दुखती?" हासानंदने विचारलं.

दाजींनी डोळे उघडले. खरंच की, अशा चेहऱ्याने त्यांनी आधी कमरेला हात लावून पाहिला. "न्हाई वो," ते म्हणाले. "जरा बी न्हाई."

"फिर चलाव. अजून जोराने."

दाजींनी जोर लावला. उलट्या सायकलचं हँडल जमिनीवर नाचू लागलं. हासानंद मांडीवर थाप मारून हसला. "कराचीत एक गोरा साब होता," तो म्हणाला. "समुंदरच्या रस्त्यावर असाच लेटून गाडी चालवायचा. तीन चाकं, मध्ये खुर्ची, पाय पुढे. आम्ही हसायचो. साबपण हसायचा."

"मंग करा की तसली," दाजी म्हणाले.

मी म्हटलं, "दाजी, वेड लागलं का? लोक हसतील."

"हसू दे. त्यांची कंबर दुखत न्हाई म्हणून हसत्यात."

विकायला नेलेली सायकल अशी विकलीच गेली नाही. तिचे तुकडे झाले. मागे दोन चाकं, पुढे एक लहान चाक, त्याच्याही पुढे एका नळीच्या टोकाला पायडलं. आरामखुर्चीचं कापड नवं घालून दोन चाकांच्या मध्ये ताणून बसवलं. हँडल छातीसमोर नाही, तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, हात सोडले की आपोआप हाताशी येईल असं. पायडलापासून मागच्या चाकापर्यंत जायला एक चेन पुरेना म्हणून दोन-तीन जुन्या चेनी जोडल्या. ती चेन सुरुवातीला सारखी पडायची, आणि पडली की हासानंद आपल्या भाषेत तिच्याशी बराच वेळ बोलायचा. बदल्यात दाजींनी त्याची दाढी जन्मभर करायची असं ठरलं. हासानंदची दाढी दाट होती, तेव्हा सौदा काही वाईट नव्हता.

पिंपरीहून चिंचवडला दाजी पहिल्यांदा ती गाडी घेऊन आले तेव्हा मी बाजूने सायकलवर होतो. मेलो लाजेने. कुत्री भुंकत होती, टांग्याचं घोडं बुजलं, आणि बाजारातली माणसं दुकानं सोडून रस्त्यावर आली. कुणी तरी ओरडलं, "अरे, लोळत चाललाय बघा!" आणि तिथल्या तिथे गाडीचं नाव लोळणगाडी पडलं. दाजी शांत. मुंडासं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं, हात बाजूला, पाय संथ फिरताहेत. एखादा सरदार पलंगासकट फिरायला निघावा तसा थाट होता.

ताई दारात आली, तोंडाला पदर लावून पोटभर हसली. मग दाजी गाडीतून उठून, चौकटीला न धरता, सरळ आत आले. ताईचं हसू थांबलं. संध्याकाळी मला म्हणाली, "आज त्यांचे दात वाजले नाहीत रे." एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

मग फेरी पुन्हा सुरू झाली. वाकडची माणसं आधी हसली आणि मग बसून बघू का म्हणून मागे लागली. मोशीच्या पुलावरून कुरुळीला गेले, तिथेही तेच. चढाला गाडी फार हळू चालायची, धूळ नाकाशी यायची, समोरून बैलगाडी आली की बैल बुजू नयेत म्हणून दाजी आधीच कडेला थांबायचे. पण कंबर शाबूत. दाजी घरी येऊन गप्पा मारू लागले, ही तर नवलाईच. "सायकलवर नुसते खडे दिसायचे," म्हणायचे. "आता घोराडेश्वराचा डोंगर दिसतो, घारी दिसत्यात. इतकी वर्सं ह्याच रस्त्यानं गेलो, घारी काय नव्या आल्यात का?" आणि हातात लोण्याचा गोळा मिळाल्यासारखे खुलून त्या डोंगराचं वर्णन करायचे. मीही मग एक दिवस अंगणात त्या गाडीत बसून पाहिलं. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, उठावंसं वाटत नाही.

तळवड्याला मात्र घोटाळा झाला.

रविवार होता. शिवेपासून गावापर्यंत उतार आहे. दाजी खुशीत होते, गाडी आपसूक धावत होती. पारावर आबाजी पाय सोडून बसलेले, भोवती हजामतीला आलेली माणसं. सायकलवर असताना दाजी पार दिसला की उतरायचे आणि हातात धरून यायचे. पाराजवळ वाहनावरून उतरायचं ही आमच्या गावांची रीत, जावई असो की फौजदार. पण या गाडीतून उतरायचं म्हणजे आधी थांबवायची, मग बाजूच्या दांड्यांना धरून उठायचं. ते लक्षात येईपर्यंत गाडी थेट पारासमोर जाऊन थांबली. दाजींचे दोन्ही तळपाय आबाजींच्या तोंडासमोर, आणि आबाजींच्या मागे मारुती.

पुढचं मला त्याच संध्याकाळी दाजींनी सांगितलं.

"कोन हाय?" आबाजींनी विचारलं.

"मी दत्तू, आबा."

"मला आधी तळपाय दिसलं. मंग दत्तू दिसला." आबाजींचा आवाज चढला नव्हता, त्याचीच दाजींना जास्त भीती वाटली. "ज्याच्या हातात आमी मान देतो, त्यानं आमच्याकडं पाय करून यायचं? मागं मारुती हाय, त्यो बी दिसंना तुला?"

"आबा, कमरंमुळं..."

"पाय म्होरं करून माणूस गावातनं एकदाच जातो, दत्तू. चौघांच्या खांद्यावरनं. तू तसा गावात येतोस? ही तिरडी शिवंच्या आत आणायची न्हाई."

आता शीव म्हणजे काही वेस नव्हे, की चार पावलं चालून यावं. शीव खूप वर, ओढ्याशी. तरी पुढच्या रविवारी दाजींनी गाडी ओढ्याशी ठेवली आणि चालत गेले. दिवसभर वाकून दाढ्या केल्या, चढाने परत चालत आले, आणि घरी पोचले ते पुन्हा चौकटीला धरून. दुसऱ्या दिवशी उठताच आलं नाही. ताईची वीट पुन्हा चुलीत गेली. मग वाकड नाही की कुरुळी नाही.

मी भयंकर संतापलो होतो. म्हटलं, दाजी, खड्ड्यात गेलं तळवडं आणि खड्ड्यात गेला तो पार. म्हाताऱ्याला पाय दिसतात आणि दुसऱ्याची कंबर दिसत नाही? दाजी म्हणाले, "त्यांचं बी खोटं न्हाई. देवाला पाय कोन दावतं?"  ज्याच्यासाठी भांडावं तोच समोरच्याचं वकीलपत्र घेऊन बसलेला.

इकडे तळवड्याची तऱ्हाच निराळी झाली. कारखान्यात आमच्या स्टोअरमध्ये तिथला एक गडी होता, तो सांगायचा. आबाजींनी बंदी घातली म्हणून दाजींना कुणी गाडीसकट बोलवेना, आणि दुसऱ्या न्हाव्याच्या हाती गाल द्यायला कुणी तयार होईना. आबाजी तर नाहीच नाही. चिखलीचा न्हावी दारातून परत पाठवला म्हणे. आमच्यात दाढी वाढते ती सुतकात. घरात कोणी गेलं की पुरुषमाणूस वस्तरा लावून घेत नाही. तळवड्यातून जाणारे येणारे पारावरचे खुंट बघून हळूच विचारायला लागले, "कोण गेलं हो?" आणि पारावरची माणसं वैतागून म्हणत, "कोणी नाही गेलं, पुढे चला." त्या गड्याच्या स्वतःच्याच दाढीत एव्हाना कंगवा चालला असता.

दीड महिन्याने दाजींची कंबर जरा सैल झाली तशी ताई समोर येऊन बसली. या वेळी भांडी आपटली नाहीत. "गेटावरची जागा अजून आहे," ती म्हणाली. "तुमच्या मनाविरुद्ध मी कधी काही मागितलं नाही. हे मागते."

 तळवड्याने हाकललेला न्हावी दुसऱ्या गावात कोणत्या तोंडाने फिरणार, हे दाजींनाही कळत होतं. तळवडं सुटलं की फेरी सुटलीच. मग म्हणाले, "येवढा एक रविवार जाऊन येतो. न्हाई जमलं तर सोमवारी गेटावर खुर्ची टाकतो. तुझ्या गळ्याशपथ." ताईने मला डोळ्याने खूण केली. रविवारची माझी सुट्टी होतीच. मी सोबत निघालो.

ओढ्यापर्यंत दाजी गाडीतून आले. तिथे गाडी थांबवली आणि उतरले. धोकटीतून तो पितळी आरसा काढला आणि सुतळीने खुर्चीच्या बाजूच्या दांडीला बांधला, तोंड मागे करून. मग गाडी पुरती फिरवली, मागची दोन चाकं गावाकडे, पायडलं चिंचवडकडे, आणि परत खुर्चीत बसले.

"दाजी, हे काय?"

"पाय म्होरं करून जायचं न्हाई म्हणालेत आबा. मागं करून जायचं न्हाई असं म्हणाले न्हाईत."

आणि टाचेने जमीन ढकलून उलटे निघाले. उतार होता, गाडी मागे मागे घरंगळू लागली. पायडलं आपोआप उलटी फिरत होती, म्हणून दाजींनी पाय बाजूला उचलून धरले होते. ब्रेक हातात, नजर आरशात. मी सायकल हातात धरून शेजारून चालत होतो आणि डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या ओरडत होतो. "गप रं," ते म्हणाले, "मला दिसतंय समदं." दोन-तीनदा बांधाला धडकले, एकदा निवडुंगात जाता जाता वाचले. शेतातली माणसं काम टाकून बांधावर उभी राहिली. मला आधी हसू आलं, मग ते मावळलं. चाळिशी उलटलेला माणूस, कमरेचा मोडलेला, आपल्याच गावात जायला असा उलटा घरंगळत चालला होता. त्या वेळी मला आबाजींचा इतका राग आला की समोर असते तर काय बोललो असतो सांगता येत नाही.

पार आला. गाडी मागून मागून येऊन पारापासून हातभर अंतरावर थांबली. आबाजी पाय सोडून बसलेलेच होते. पांढरी दाढी गालभर वाढली होती. 

"पाय नगं म्हणालो, तर पाठ घिऊन आलास व्हय?" आबाजी म्हणाले. "आन् मारुतीला पाठ चालती?"

दाजी तसेच बसून होते, तोंड चिंचवडकडे. हे काही त्यांच्या ध्यानात आलेलं नव्हतं. देवळातून निघतानाही आपण देवाला पाठ करत नाही, मागच्या पावलांनी निघतो. एक चूक टाळायला दुसरी करून बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

"आबा," ते शेवटी म्हणाले, "माणसाला म्होरं पाय आन् मागं पाठ. तिसरं कुठनं आणू?"

कुणी तरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. आबाजी हसले नाहीत. ते आरशाकडे बघत होते. त्या पितळी चौकटीत त्यांचंच तोंड होतं, दाढीसकट.

"ह्यो आरसा कशापायी बांधलास?"

"येताना बघाया. वढ्यापास्नं तुमीच दिसत हुता त्यात."

आबाजींनी दाढीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मी आरशात बघितलं, तर त्यातलं तोंड मला पाटलाचं वाटलं नाही, कुठल्याही थकलेल्या म्हाताऱ्याचं वाटलं.

"फिरव ती गाडी," ते म्हणाले. "तोंड दाव मला. पाठ बघून वाटलं, दत्तू निघाला. तुला जाताना बघाया न्हाई बसलो मी हितं."

दाजींनी गाडी फिरवली. पाय आता पाराकडे होणार, हे ध्यानात येताच त्यांनी घाईने ते वर घेतले आणि खुर्चीतच मांडी घातली, भजनाला बसल्यासारखी. आबाजी त्या मांडीकडे बघत राहिले.

"ही अशी मांडी घालून येत जा की मारुतीम्होरं," ते म्हणाले. "उतार हाय, गाडी आपसूक येती. पायडल कशाला मारतोस? येवढं डोकं कुणालाच कसं चाललं न्हाई?" आणि सगळ्या गावावरच डाफरले, जसं काही बंदी गावानेच घातली होती. मी तोंड उघडणार होतो. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं.

मग आबाजी पारावरून उतरले. गाडीभोवती एक फेरी मारली, चाक दाबून पाहिलं, कापड दाबून पाहिलं. "हिच्यात बसवून करता येतीय का दाढी?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता बसले. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. कापडात पाठ टेकली, मान आपोआप मागे गेली, पाय लांब झाले आणि तोंडातून 'आई गं' असा आवाज निघाला. वेदनेचा नव्हे, सुखाचा.

दाजींनी वाटीत पाणी घेतलं, साबण फेसला. आबाजी आता खाली, खुर्चीत पसरलेले. त्यांच्या तोंडापर्यंत पोचायचं तर नेहमीपेक्षाही जास्त वाकायला हवं होतं. दाजी वाकले. दात आवळल्याचा आवाज मला ऐकू आला. आबाजींनाही आला असावा, कारण त्यांनी डोळे उघडले.

"वाकू नगंस," ते म्हणाले. "बस की त्या पारावर."

दाजी वाटी हातात धरून तसेच उभे राहिले. पारावर दोघे-तिघे बसलेले होते. त्यांनी आबाजींकडे बघितलं, मग एकमेकांकडे. मग त्यांतला एकजण थोडा सरकला आणि जागा झाली.

दाजी आधी नुसते टेकले, उठून पळायच्या तयारीत असल्यासारखे. आबाजींनी गाल पुढे केला. फेस लागला, वस्तरा चालू झाला, हनवटीच्या वणाशी आडवा झाला. तोवर दाजी नीट ऐसपैस बसले होते, पाय पाराखाली सोडून. आबाजी मध्येच झोपले. त्यांची दाढी झाली तरी कुणी त्यांना उठवेना, आणि मागे सगळं गाव रांग लावून उभं.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. ताई दारातच होती. फडक्यात गुंडाळलेली वीट तिच्या हातात होती. दाजी उतरले, आत आले, आणि वीट तिच्या हातातून घेऊन चुलीपाशी ठेवून दिली. मग भिंतीला टेकून बसले.

"काय झालं ते सांगाल की नाही?" ताईने विचारलं. "उद्या गेटावर जायचं का?"

मला सगळं सांगायची इतकी घाई झाली होती की तोंडात मावत नव्हतं. पण दाजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अगं, त्या पारावरचा दगड," ते म्हणाले, "भर दुपारी बी गार असतो. मला ठावंच नव्हतं."